जर्मन किटमधून अमेरिकन इमारत: एचओ स्केलवाल्या नवीन मंडळींसाठी

तुमच्या मॉडेल रेल्वेच्या गाड्या अमेरिकन आहेत, सांता फे नाहीतर युनियन पॅसिफिकचं डिझेल इंजिन, मागे बॉक्सकारची रांग, शेवटी लाल कॅबूस म्हणजे गार्डचा डबा, आणि ती गाडी थांबते कुठे तर जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या स्टेशनात, उभट लाल कौलांचं छप्पर, खिडक्यांना हिरव्या झडपा आणि खाली फुलांच्या कुंड्या. हे खूप जणांच्या लेआउटवर, म्हणजे रुळांसकट मांडलेल्या छोट्या देखाव्यावर, दिसतं आणि त्याचं कारणही सरळ आहे, युरोपियन किटं, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या इमारती, हाताला लागतात. जर्मनीत नोकरीला असलेला भाचा येताना फालरचा खोका आणतो, अमेरिकेत राहणाऱ्यांना ट्रेन शोमध्ये जुनी पोला, किब्री, फोल्मरची किटं स्वस्तात मिळतात, आणि एकेकाळी तिकडे एएचएम या अमेरिकन कंपनीच्या खोक्यात जे विकलं जायचं त्यातलं बरंच मुळात युरोपातल्या पोलाचंच होतं. पुण्यातलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या छंदात आलेले बरेच जण सुरुवातीला हातात येईल ते किट घेतात, आणि ते बरोबरच आहे. ही किटं चांगली असतात. फालर तर १९४६ पासून ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटेनबाखमध्ये आहे, त्यांचं मोल्डिंग नीट असतं, भाग घट्ट बसतात. फेकून देण्यासारखं त्यात काही नाही, फक्त बदलायचं.

माझं म्हणणं एकच आहे: आधी काढायचं, मग लावायचं. नवीन माणूस उलट करतो, जर्मन घरावर इंग्रजी पाटी लावतो, बाजूला फायर हायड्रंट उभा करतो आणि मग घर अजून जर्मनच का दिसतंय म्हणून कोड्यात पडतो. डोळा पाटी वाचण्याआधी छप्पर बघतो, मग खिडक्या, मग इमारत जमिनीला कशी टेकलीय ते. या तीन जागा बदलल्या की पाटी नसली तरी चालतं.

मापं आधी

एचओ म्हणजे १:८७, खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल. अमेरिकन इमारत फुटात विचार करून बांधलेली असते, त्यामुळे एकच आकडा डोक्यात ठेवा, १ फूट म्हणजे ३.५ मिमी. ७ फुटी दार २४.५ मिमी, ६ फुटी माणूस २१ मिमी, ३ बाय ६ फुटांची खिडकी १०.५ बाय २१ मिमी. जुन्या अमेरिकन मेन स्ट्रीटवर प्लॉट बहुतेक २५ फूट रुंद पाडलेले असायचे, म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू साधारण ८७ मिमी. दुकानाचा तळमजला चांगला उंच, १२ ते १४ फूट, म्हणजे ४२ ते ४९ मिमी.

किट हातात आलं की सगळ्यात आधी त्याचं दार मोजा. बरीच युरोपियन किटं खोक्यावर एचओ लिहिलेलं असूनही प्रत्यक्षात लहान असतात, जागा वाचावी म्हणून काही तर १:१०० च्या जवळ जातात. दार २० मिमीचं निघालं तर अमेरिकन माणूस त्यातून वाकून जाणार. अशा वेळी दार मोठं कापायचं, भिंतीखाली ३ फूट म्हणजे १० मिमीचा पाया वाढवायचा आणि पुढे चार पायऱ्या द्यायच्या, उंचीचा प्रश्न सुटतो. दारं-मजले फारच बुटके असतील तर ती इमारत लेआउटच्या मागच्या बाजूला लावा, लांबची वाटेल आणि देखाव्याला खोलीही येईल.

कुठलं किट निवडायचं

नवीन असाल तर विटांचा कारखाना, गोदाम नाहीतर ब्रुअरी घ्या. औद्योगिक वीटकाम दोन्हीकडे बऱ्यापैकी सारखं होतं, शिवाय सिनसिनाटी, मिलवॉकी, सेंट लुईस इथल्या ब्रुअऱ्या जर्मन स्थलांतरितांनीच उभ्या केल्या, त्यामुळे कमानीच्या खिडक्या आणि वीटकामातली नक्षी तिथे खरोखर आहे. छोटा मालधक्का, लाकडी शेड, साधं दुमजली घर हे पण सोपं पडतं. लाकडी तुळयांची चौकट भिंतीवर दिसते तसली घरं, कांद्यासारख्या घुमटाचं चर्च, किल्ला, उंच सिग्नल केबिन, हे पहिल्या कामाला घेऊ नका.

अपवाद आहेत आणि ते मला फार आवडतात. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने मोंटानात ग्लेशियर नॅशनल पार्कच्या प्रवाशांसाठी स्विस पद्धतीची बांधकामं केली, १९१० चं बेल्टन शॅले आणि १९१५ चं मेनी ग्लेशियर हॉटेल त्यातलंच. वॉशिंग्टन राज्यातल्या लेवनवर्थने १९६० च्या दशकात पर्यटक यावेत म्हणून अख्खं गाव बव्हेरियन करून टाकलं. टेक्सासच्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये जर्मन वसाहतवाल्यांनी तुळयांच्या चौकटीची घरं बांधली. तुमचा लेआउट यापैकी कुठला असेल तर किट आहे तसं लावा, रंग तेवढा नीट द्या. पण कॅन्ससच्या गव्हाच्या गावात शॅले, म्हणजे असलं स्विस पद्धतीचं घर, उभं करू नका.

फोटो आधी, कटर नंतर

कुठलंही एक खरं गाव आणि एक काळ ठरवा, उदाहरणार्थ १९५० च्या आसपासचं मिडवेस्टमधलं गाव, वाफ आणि डिझेल दोन्ही चालायचे तेव्हाचं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे आहे, १९३३ ला सुरू झालेला, त्यात हजारो इमारतींचे फोटो आणि मोजून काढलेली ड्रॉइंग्ज फुकट बघता येतात. तिथेच सॅनबॉर्न कंपनीचे जुने आगविम्याचे नकाशे आहेत, त्यात गावातल्या प्रत्येक इमारतीचा आकार आणि मजले असतात, विटांची गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी. गुलाबी इमारती कशा रांगेत भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत आणि पिवळी घरं कशी सुटी सुटी आहेत हे एकदा नकाशावर बघितलं की गाव कसं मांडायचं ते आपोआप कळतं. यावर एक संध्याकाळ घालवा, किट विकत घ्यायच्या आधी.

सामान

हॉबी नाइफ आणि भरपूर ब्लेड, बारीक दातांची रेझर सॉ, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, प्लास्टिकसाठीची पातळ सॉल्व्हंट सिमेंट, थोडी पुट्टी, मॅट प्रायमरचा स्प्रे कॅन, ॲक्रिलिक रंग. वर १ मिमी आणि अर्धा मिमी जाडीचे स्टायरीन या प्लास्टिकचे शीट. एव्हरग्रीन कंपनीच्या पट्ट्या मिळाल्या तर उत्तम, त्या एचओच्या मापातच येतात. टिची कंपनीच्या तयार खिडक्या-दारं मागवता आली तर निम्मं काम हलकं होतं, पण त्यांच्यावाचूनही जमतं.

सॉल्व्हंट खिडकी उघडी ठेवूनच वापरा, खरंच सांगतोय, त्याची वाफ डोकं धरते आणि बंद खोलीत ती चांगली नाही. ब्लेडने एका दमात आरपार कापायचं नाही, हलक्या हाताने पाच-सहा वेळा रेघ ओढायची आणि मग वाकवून तोडायचं.

आणि महत्त्वाचं, किट लगेच जोडू नका. आधी भिंती टेबलावर पसरून ठेवा, चिकट टेपने तात्पुरत्या उभ्या करा, मोबाइलवर फोटो काढा, त्या फोटोवर पेनाने काय काय जाणार ते खोडा.

छप्पर, म्हणजे अर्धं काम

विटांच्या व्यापारी इमारतीला अमेरिकेत बहुतेक सपाट छप्पर असतं, आपल्या गच्चीसारखं, आणि भोवती कठडा. किटचं उतरतं छप्पर बाजूला ठेवून द्या. बाजूच्या भिंतींचा वरचा त्रिकोण, म्हणजे पाख्यांच्या मधला भाग, सरळ रेघेत कापा. चारही भिंती मग एका उंचीला येतात. आत वरच्या कडेच्या ७ ते १० मिमी खाली आधाराच्या पट्ट्या चिकटवा आणि त्यावर १ मिमीचं शीट ठेवा, मागच्या बाजूला जरासा उतार देऊन, कारण खरं छप्पर पूर्ण सपाट कधीच नसतं, पाणी मागे काढून द्यायचं असतं. कठड्यावर बारीक पट्टी लावा, दगडाची किंवा टाइलची टोपी म्हणून. पुढच्या बाजूला मात्र कठडा थोडा वर न्या आणि खाली कंगोरे द्या, दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या एकावर एक लावल्या की छान कंगोरा होतो.

वरचा डांबरी कागद करायला मेडिकलच्या दुकानातला मायक्रोपोर टेप घ्या. खऱ्या डांबरी कागदाचा रोल ३ फूट रुंद असतो, म्हणजे १०.५ मिमी, अर्धा इंचाचा टेप एकमेकांवर थोडा चढवत लावला की बरोबर तेवढी पट्टी दिसते. काळा रंग देऊ नका, गडद करडा द्या आणि सांध्यांवर बारीक ब्रशने जरा जास्त काळं ओढा. मग एखादा स्कायलाइट, दोन-तीन पाइप, विटांचं साधं धुराडं. पाण्याची लाकडी टाकी सगळ्यांना लावावीशी वाटते कारण ती न्यूयॉर्कच्या फोटोत दिसते, पण ती उंच इमारतींसाठी होती, खेड्यातल्या दुमजली हार्डवेअरच्या दुकानावर ती खटकते.

उतरतं छप्परच हवं असेल, घरासाठी नाहीतर स्टेशनसाठी, तर उतार कमी करा. जर्मन छप्पर ४५ अंशांचं किंवा त्याहून उभट असतं. इमारतीची रुंदी ८० मिमी धरली तर ४५ अंशांना माथा ४० मिमी वर जातो, ३० अंशांना फक्त २३ मिमी. हा फरक कागदावर छोटा वाटतो पण एवढ्यानेच इमारत देश बदलते. भिंतीच्या त्रिकोणावर नवा उतार आखा, कापा, नवी पाखी शीटमधून बनवा आणि वळचण चांगली बाहेर काढा. माथ्याच्या टोकांना तिरके कापलेले छोटे उतार असतील ते जाऊ द्या, छपरातून डोकावणाऱ्या छोट्या खिडक्या पण. लाल कौलांऐवजी शिंगल, म्हणजे एकावर एक चढवलेल्या चपट्या चकत्या: कागदाच्या पट्टीला एका कडेने बारीक काप देऊन खालून वर लावत जायचं, रंग करडा, मळका हिरवा नाहीतर तपकिरी.

खिडक्या

युरोपियन खिडकी कपाटासारखी उघडते, मधे उभा दांडा, दोन पल्ले. अमेरिकन जुनी खिडकी वर-खाली सरकते, तिच्यात मधोमध आडवा दांडा असतो आणि वरचं तावदान खालच्याच्या किंचित पुढे. म्हणून किटच्या खिडकीतला उभा दांडा कापून काढा, कड घासून घ्या, आणि अर्ध्या उंचीवर आडवी पट्टी लावा. खालच्या अर्ध्या भागात मागच्या बाजूने अजून एक पातळ चौकट लावली तर सरकत्या खिडकीची ती पायरी पण येते, आणि ती प्रकाशात दिसते. खिडकी रुंद आणि बुटकी असेल तर दोन्ही बाजूंनी पट्टी भरून अरुंद करा, कारण उभट खिडकीनेच तो बाज येतो. झडपा, कुंड्या, कोरीव दगडी चौकटी काढून टाका. वर साधा दगडी पट्टा किंवा विटांची चपटी कमान पुरते. काही खिडक्यांचे पडदे वेगवेगळ्या उंचीला ओढलेले दाखवा, पिवळट कागद मागून लावायचा, बस.

भिंती

अमेरिकन दुकानदाराने पैसा पुढच्या भिंतीवर घातला. पुढे चांगली गुळगुळीत वीट, कंगोरे, मोठ्या काचा, आणि बाजूला-मागे स्वस्तातली साधी वीट, कधी तर खिडकीसुद्धा नाही, कारण शेजारी दुसरी इमारत येणारच होती. युरोपियन किटला बहुतेक चारही बाजूंनी सजावट असते. तर बाजूच्या भिंतींवरचे पट्टे, कोपऱ्यातले दगड घासून काढा नाहीतर विटेच्याच रंगात बुडवून टाका, काही खिडक्या आतून विटांच्या शीटने बुजवा. बुजवलेली खिडकी जुन्या इमारतीत खरोखर असते आणि फार शोभते.

विटांचं माप पण तपासा. अमेरिकन विटेचे तीन थर ८ इंचांत बसतात, म्हणजे एचओमध्ये दहा थर साधारण ७.८ मिमी. जर्मन जुन्या विटेचे १ मीटरमध्ये १३ थर, म्हणजे दहा थर ८.८ मिमी, हा फरक डोळ्याला कळत नाही. पण काही जुन्या किटमध्ये दहा थरांना १२-१३ मिमी लागतात, ती वीट अवाढव्य दिसते, तिथे भिंतीवर दुसरं विटांचं शीट चढवा नाहीतर ती भिंत मागच्या बाजूला न्या.

दुकान करायचं असेल तर तळमजल्याची पुढची भिंत सरळ कापून काढा. तिथे दोन बाजूंना मोठ्या काचा, मधे ३-४ फूट आत घेतलेलं दार, काचांच्या वर छोट्या काचांची ओळ, कडेला बारीक लोखंडी खांब, वर कापडी छत. हे एवढं एकच काम केलं तरी साधं जर्मन घर आयोवातलं दुकान वाटायला लागतं.

गिलाव्याच्या किंवा तुळयांच्या चौकटीच्या भिंतीवर आडव्या फळ्यांचं स्टायरीन शीट लावा, फळीची रुंदी १ ते १.५ मिमी दिसेल असं. मूळ भिंत आधी घासून सपाट करा, शीट चिकटवा, सुकल्यावर खिडक्यांची भोकं मागून जुन्या भोकांच्या कडेने कापा. मोठे पृष्ठभाग चिकटवताना मूळ भिंतीला मागून बारीक भोकं पाडून ठेवा, सॉल्व्हंटची वाफ आत अडकली तर भिंत काही आठवड्यांनी वाकते. कोपऱ्यांना उभ्या पट्ट्या, खिडक्यांभोवती पट्ट्या, त्या फळ्यांपेक्षा वेगळ्या रंगात.

रंग

न रंगवलेलं प्लास्टिक चमकतं, म्हणून रंगीत मोल्ड केलेलं असलं तरी रंग हवाच. आधी मॅट प्रायमर, मग विटेचा रंग, एकच लाल नाही तर तपकिरी, विटकरी, जरा जांभळट असं मिसळून, सुटी सुटी वीट वेगळी रंगवली तर अजून छान. सुकल्यावर विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, भरायच्या: फिक्कट करड्या ॲक्रिलिकमध्ये भरपूर पाणी घालून भिंतीवर सोडायचं आणि ओल्या फडक्याने वरवर पुसून घ्यायचं, सांध्यांत तेवढं राहतं. शेवटी मॅट व्हार्निश आणि किसलेल्या सुक्या खडूची भुकटी, खिडक्यांखाली आणि पन्हाळीखाली उभे ओघळ.

स्टेशन करताना

अमेरिकन छोट्या गावातलं स्टेशन म्हणजे बहुतेक एकाच छपराखाली वेटिंग रूम, मधे एजंटचं ऑफिस आणि एका टोकाला मालाची खोली. किटमध्ये प्रवासी इमारत आणि मालशेड वेगळी असेल तर ती एका रेषेत जोडून टाका. मग रुळाकडच्या बाजूला मधोमध बे विंडो, म्हणजे भिंतीबाहेर आलेली खिडकी, हवीच, त्यातून एजंटला दोन्ही दिशांना गाडी दिसायची. ८ फूट रुंद आणि ३ फूट बाहेर आलेली, म्हणजे २८ बाय १०.५ मिमी, शीटमधून अर्ध्या तासात होते. तिच्यासमोर ट्रेन ऑर्डरच्या, म्हणजे गाडीला द्यायच्या लेखी हुकुमाच्या, सिग्नलचा खांब. वळचण १०-१४ मिमी बाहेर आणि खाली तिरके लाकडी आधार.

फलाटाची उंची कमी करा. युरोपियन किटबरोबर येतो तो उंच फलाट वापरू नका, अमेरिकन गावात फलाट रुळाच्या जवळजवळ बरोबरीने असायचा, लाकडी फळ्यांचा, विटांचा किंवा नुसता खडीचा. माल उतरवायचा धक्का मात्र बॉक्सकारच्या तळाइतका, रुळापासून १३-१४ मिमी. धक्का रुळाच्या किती जवळ आणायचा हे एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या गेजने, म्हणजे मापाच्या पट्टीने, तपासा, अंदाजाने नको.

रंग रेल्वे कंपनी बघून. सदर्न पॅसिफिकची स्टेशनं पिवळी, पट्ट्या फिक्या तपकिरी आणि छप्पर शेवाळी हिरवं. त्यांचं नंबर २२ हे ठरलेलं दुमजली डिझाइन होतं, वर एजंटचं कुटुंब राहायचं, त्यामुळे जर्मन दुमजली स्टेशन किटमधून ते बऱ्यापैकी जवळ नेता येतं.

इंजिन शेड बदलताना दारं आधी मोजा. युरोपातल्या गाडीची उंची ४.२८ मीटरपर्यंत, एचओत ४९ मिमी. अमेरिकेत प्लेट सी प्रकारची (हे तिथल्या डब्यांच्या कमाल मापाचं एक ठरलेलं नाव) गाडी १५ फूट ६ इंच, म्हणजे ५४ मिमी, त्यामुळे कमान कापून सरळ तुळई टाका आणि रुळाच्या डोक्यापासून ६० मिमीच्या आसपास मोकळं ठेवा.

पाट्या आणि जमीन

पाटी आता. कुटुंबाचं नाव आणि पुढे अँड सन्स, किंवा हार्डवेअर, ड्रग्ज, फीड अँड सीड, असलं साधं. भिंतीवर रंगवलेली जुनी जाहिरात करायची तर पातळ कागदावर छापा, मागून पॉलिश पेपरने घासून अजून पातळ करा, पातळ केलेल्या फेव्हिकॉलने विटांवर दाबून बसवा म्हणजे सांधे कागदातून उमटतात, आणि मग विटेच्याच रंगाचा पातळ हात द्या, अर्धी विरलेली दिसेल.

लेआउटवर ठेवताना इमारत जमिनीवर नुसती टेकवू नका, खालची फट लांबूनही दिसते. पाया दोन-तीन मिमी जमिनीत रुतवा, कडेने बारीक माती आणि गवत सोडा. दुकानांसमोर काँक्रीटचा फुटपाथ, दर ५ फुटांवर म्हणजे १७.५ मिमीला आडवी रेघ. मागच्या गल्लीत लाकडी विजेचे खांब, आडव्या दांड्यांचे, आणि तिथून प्रत्येक इमारतीच्या मागच्या भिंतीला एक तार. आत दिवा लावणार असाल तर रंगाआधीच भिंतींना आतून काळा हात द्या, नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपतो. आणि छप्पर चिकटवू नका, नुसतं बसवून ठेवा, बल्ब कधीतरी बदलावाच लागतो.